टाके मोजू नका, असिस्ट मोजा!

'हॉकी' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? टर्फ, ध्यानचंद, धनराज पिल्ले आणि 'चक दे'. हाच शब्द कॅनडात किंवा स्वीडनमध्ये उच्चारला तर समोरच्याच्या डोळ्यांसमोर फक्त बर्फ येतो. तिकडे हॉकी म्हणजे आईस हॉकी, बाकी सगळ्या हॉकींना विशेषण लावावं लागतं. आपल्या देशात लडाखमध्ये हा खेळ जीव तोडून खेळतात, पण आपल्या कट्ट्यावर त्याचा विषय निघालेला काही मी ऐकलेला नाही. तेव्हा आज एका आईस हॉकीपटूबद्दल दोन-अडीच पानं लिहितोय ती निमूटपणे वाचा. विषय लांबचा वाटला तरी शेवटी गाडी आपल्याच होस्टेलच्या दारात येऊन थांबणार आहे!

माणसाचं नाव बोर्ये साल्मिंग. जन्म १७ एप्रिल १९५१, मृत्यू २४ नोव्हेंबर २०२२. स्वीडनचा बचावपटू, म्हणजे तिकडच्या भाषेत डिफेन्समन. त्याच्याबद्दल काहीही वाचायला घ्या, तीन गोष्टी हमखास भेटतात. एक, त्याला लोक 'चिकन स्वीड', म्हणजे 'भित्रा स्वीडिश', म्हणून चिडवायचे. दोन, त्याने भरपूर मार खाल्ला. तीन, एकदा त्याच्या चेहऱ्याला दोनशेहून जास्त टाके पडले, तरी तो परत खेळायला उतरला. आणि मग लेखक टाळ्या वाजवतो : बघा, कसा पोलादी माणूस!

माझा नेमका या टाळ्यांवर आक्षेप आहे. पण त्याआधी गोष्ट नीट सांगतो.

स्वीडनच्या अगदी उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, किरुना नावाचं गाव आहे. गावाखाली लोखंडाची प्रचंड मोठी खाण. इतकी मोठी, की खाणकामामुळे जमीन खचू लागली आणि आता सगळं गावच टप्प्याटप्प्याने बाजूला हलवणं चालू आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथलं शंभर वर्षांहून जुनं लाकडी चर्च अख्खंच्या अख्खं उचलून पाच किलोमीटर लांब नेऊन ठेवलं. (सिव्हिलवाल्यांनो, हे जरूर शोधून बघा!) याच किरुना भागात साल्मिंग वाढला. त्याचे वडील सामी वंशाचे. सामी म्हणजे रेनडिअरचे कळप राखणारे उत्तरेतले मूळ रहिवासी. वडील खाणीत कामाला होते आणि बोर्ये पाच वर्षांचा असताना खाणीतल्या अपघातात ते गेले. मोठा भाऊ स्टिग हॉकी खेळायचा, त्याच्यामागून धाकटाही बर्फावर उतरला.

किरुनातून तो खाली येव्ले शहरात ब्रिनेस नावाच्या क्लबकडे आला. (उच्चार ऐकून आपलं पैठणीचं येवलं आठवतं, पण तिथे काठ-पदर नाहीत, नुसता बर्फ.) ब्रिनेसने १९७१ आणि १९७२ अशी लागोपाठ दोन वर्षं स्वीडनची चॅम्पियनशिप जिंकली आणि साल्मिंग दोन्ही वेळा संघात होता.

पुढची गोष्ट म्हणजे निव्वळ योगायोग. १९७२ च्या शेवटी टोरांटो मेपल लीफ्स या क्लबचा गेरी मॅक्नमारा नावाचा स्काउट स्वीडनला आला. स्काउट म्हणजे खेळाडू हेरणारा माणूस. आला होता एका गोलकीपरला बघायला, पण तो गोलकीपर निघाला जखमी. आता आलोच आहोत तर म्हणून त्याने ब्रिनेसचा कॅनडाच्या एका पाहुण्या संघाबरोबरचा सामना बघितला. त्या सामन्यात साल्मिंग रेफरीच्या अंगावर गेला आणि बाहेर काढला गेला. मॅक्नमारा सरळ ड्रेसिंग रूममध्ये गेला आणि त्याला विचारलं, टोरांटोला खेळशील का? असा कॅम्पस इंटरव्ह्यू आपल्या नशिबी नाही! १९७३ मध्ये साल्मिंग आणि त्याचाच सहकारी, फॉरवर्ड इंगे हामरस्ट्रोम, असे दोघे टोरांटोला दाखल झाले.

इथे थोडी थिअरी आवश्यक आहे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आईस हॉकीत एका वेळी गोलकीपर धरून सहा जण बर्फावर असतात. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. चेंडूऐवजी 'पक', म्हणजे एक इंच जाड आणि तीन इंच व्यासाची कडक रबराची चकती. ती ताशी दीडशे किलोमीटरच्या वर वेगाने येऊ शकते. गोल करणाऱ्याला एक पॉइंट मिळतो आणि त्याआधी पास देणाऱ्या जास्तीत जास्त दोघांना 'असिस्ट' म्हणून एकेक पॉइंट मिळतो. म्हणजे हिशेबात गोलाची आणि पासची किंमत सारखीच. मला हा नियम फार आवडतो.

आता फरक बघा. युरोपात मैदान रुंद, ३० मीटर. उत्तर अमेरिकेच्या एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये ते ८५ फूट, म्हणजे साधारण २६ मीटर. चार मीटर कमी म्हणजे पळायला जागा कमी, धडका जास्त. शिवाय आंतरराष्ट्रीय नियमांत १९६९ पर्यंत आक्रमणाच्या भागात अंगाने धडक मारायलाच बंदी होती. आणि सगळ्यात महत्त्वाचं : युरोपात मारामारी केली की खेळाडू सामन्याबाहेर. एनएचएलमध्ये मारामारीची शिक्षा पाच मिनिटं बाकावर बसायची! पाच मिनिटं बसा, पाणी प्या, परत या. दोन्ही बाजूंचा एकेक जण बसला तर संघाचं नुकसान शून्य.

आपण इंजिनिअर लोक आहोत (निदान होऊ घातलेले तरी आहोत). सिस्टिमला जसा इनपुट द्याल तसा आउटपुट मिळतो. मारामारीची किंमत पाच मिनिटं आणि फायदा समोरच्याच्या मनात बसलेली कायमची भीती, असं गणित मांडल्यावर कोणी ना कोणी ते सोडवणारच. फिलाडेल्फिया फ्लायर्स या संघाने ते सोडवलं. 'ब्रॉड स्ट्रीट बुलीज' म्हणजे ब्रॉड स्ट्रीटवरचे गुंड हे त्यांचं टोपणनाव होतं आणि ते त्यांनी अभिमानाने मिरवलं. १९७४ आणि १९७५ असा दोनदा त्यांनी स्टॅन्ली कप जिंकला. म्हणजे सिस्टिमने त्यांना पैकीच्या पैकी मार्क दिले.

या वातावरणात ऑक्टोबर १९७३ मध्ये हे दोन स्वीडिश येऊन पडले. युरोपातून येणारे ते पहिलेच नव्हते. १९६५ मध्ये उल्फ स्टर्नर न्यूयॉर्ककडून चार सामने खेळून परत गेला होता. थॉमी बर्गमन १९७२ मध्ये डेट्रॉइटला आला होता. पण येऊन, टिकून, मोठा होऊन दाखवलेला असा अजून कोणी नव्हता. लीगमधल्या बहुतेक सगळ्या जागा कॅनडाच्या मुलांच्या. त्यांच्या दृष्टीने हे बाहेरून येऊन आपली भाकरी पळवणारे. शिवाय गुळगुळीत खेळणारे, मारामारी न करणारे, म्हणजे भित्रेच असणार! मग काठीचे फटके, कोपराचे ठोसे, बर्फाच्या भिंतीवर मागून ढकलणं, वर शिव्या. रेफरी बघून न बघितल्यासारखं करायचे. सामन्यामागून सामना, शहरामागून शहर हेच.

परक्यांचं एक वेळ समजू शकतो. टोरांटोचा मालक हॅरॉल्ड बॅलार्ड याने स्वतःच्याच खेळाडूची, हामरस्ट्रोमची, जाहीर टिंगल केली : हा खिशात सहा अंडी घेऊन कोपऱ्यात गेला तरी एक अंडं फुटणार नाही. लोक हसले. ते वाक्य आजही विनोद म्हणून सांगितलं जातं.

१९७६ च्या प्लेऑफमध्ये टोरांटोची गाठ फिलाडेल्फियाशी पडली. १५ एप्रिलला टोरांटोत झालेल्या सामन्यात मेल ब्रिजमन या खेळाडूने साल्मिंगला इतकं बदडलं, की ऑन्टारिओ प्रांताचे अॅटर्नी जनरल रॉय मॅकमर्ट्री यांनी ब्रिजमनवर चक्क फौजदारी गुन्हा दाखल केला. त्या सामन्यातल्या वागण्याबद्दल फ्लायर्सच्या आणखी खेळाडूंवरही गुन्हे दाखल झाले. थोडं थांबून विचार करा. रेफरीने, क्लबने, लीगने जे थांबवायचं ते पोलिसात गेलं, तेव्हा लीगमधली मंडळी कोणावर चिडली? मॅकमर्ट्रींवर! खेळात सरकारने नाक खुपसू नये म्हणे.

दोनच दिवसांनी पुढचा सामना. १७ एप्रिल, साल्मिंगचा पंचविसावा वाढदिवस. तो उतरला, बचावपटू असूनही पक घेऊन सुसाट पुढे गेला आणि बर्नी पॅरेंटसारख्या गोलकीपरला चकवून गोल केला. सगळं स्टेडियम उभं राहिलं. (मालिका मात्र टोरांटो सातव्या सामन्यात हरले.) त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅनडा कप स्पर्धेत तो स्वीडनच्या जर्सीत टोरांटोच्या बर्फावर आला तेव्हा कॅनडाच्याच प्रेक्षकांनी उभं राहून त्याला मानवंदना दिली, टाळ्या थांबेचनात. स्वीडनमधल्या लोकांना टीव्हीवर हे बघून नवल वाटलं असणार. आपला मुलगा परक्या गावात इतका त्यांचा झालाय!

इथपर्यंत गोष्ट सिनेमासारखी आहे, नाही का? आणि इथेच आपली फसगत होते.

या गोष्टीतून लोक जे तात्पर्य काढतात ते असं : बघा, मार खाल्ला, टिकला, म्हणून मोठा झाला. त्या अग्निपरीक्षेनेच तो घडला. हे वाक्य ओळखीचं वाटतंय? वाटायलाच हवं. प्रत्येक होस्टेलमध्ये कोणीतरी सीनियर हे वाक्य कोणत्यातरी ज्युनियरला ऐकवत असतो. "आम्हीही सोसलंय. त्यानेच माणूस स्मार्ट होतो, लाजाळूपणा जातो, दोस्ती होते." महाराष्ट्रात १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा झाला, यूजीसीचे नियम २००९ मध्ये आले, दरवर्षी आपण आणि आपले पालक प्रतिज्ञापत्रावर सह्या करतो. पण हे वाक्य काही मरत नाही. कारण त्याला साल्मिंगसारख्यांच्या गोष्टींचं खतपाणी मिळतं.

दुसऱ्या महायुद्धातली विमानांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे आहेत ते बघून तिथे पत्रा जाड करायचा विचार चालू होता. अब्राहम वाल्ड या संख्याशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की जी विमानं परतलीच नाहीत त्यांचा विचार करा. ज्या जागी भोकं दिसत नाहीत तिथे लागलेली विमानं खाली पडली आहेत. साल्मिंग हे परत आलेलं विमान आहे. त्याच्या अंगावरची भोकं बघून "भोकं पडल्यामुळेच हे विमान चांगलं उडतं" असं म्हणणं म्हणजे शुद्ध अडाणीपणा. त्याच्यासारखंच कौशल्य असलेले किती जण "नको रे बाबा ती लीग" म्हणून घरीच राहिले, त्यांची मोजदाद कुठल्याही रेकॉर्ड बुकात नाही.

आणि हामरस्ट्रोम? त्याचं नाव या गोष्टीत नेहमी अंड्यांच्या विनोदापुरतं येतं. हा माणूस टोरांटोकडून चार सीझन खेळला आणि दर सीझनला साधारण वीस गोल करत राहिला. मार साल्मिंगइतकाच त्यानेही खाल्ला. उलट हाणामारी केली नाही, फक्त खेळला. १९७७ मध्ये टोरांटोने त्याला सेंट लुईसला देऊन टाकलं, १९७९ मध्ये तो स्वीडनला परतला. पुढची गंमत ऐका. पुढे तो युरोपातल्या खेळाडूंचा स्काउट झाला, तोही कोणाचा? फिलाडेल्फिया फ्लायर्सचा! १९९१ मध्ये फ्लायर्सनी पीटर फोर्सबर्ग नावाच्या स्वीडिश मुलाला निवडलं तेव्हा हामरस्ट्रोम त्यांचा युरोपातला स्काउट होता. फोर्सबर्ग पुढे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंमध्ये गणला गेला. ज्यांनी 'भित्रा' म्हणून झोडपलं त्यांना शेवटी त्याच माणसाच्या नजरेची गरज पडली. आता सांगा, दोघांत खरा कणखर कोण? मला तर या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, आणि प्रश्नच चुकीचा आहे असं वाटतं.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल हा एकतर्फी लिहितो.

पहिला मुद्दा. साल्मिंग काही गांधीजी नव्हता. एनएचएलच्या ११४८ सामन्यांत त्याच्या नावावर १३४४ पेनल्टी मिनिटं आहेत. तोही काठी फिरवायचा, तोही हात उचलायचा. मुळात तो हेरला गेला तेव्हाही रेफरीशी भांडूनच बाहेर पडला होता! १९८६ मध्ये, काही वर्षांपूर्वी आपण कोकेन घेतलं होतं असं त्याने वर्तमानपत्राला सांगितलं आणि लीगने त्याला आठ सामन्यांसाठी निलंबित केलं. तेव्हा त्याला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. लोक म्हणतात, त्याने उलट दिलं नसतं तर तो टिकलाच नसता, म्हणजे तो कणखरपणा कामाचाच होता की. मान्य, त्या लीगमध्ये त्या वर्षी तसंच होतं. पण खेळाला त्याची गरज होती का? याचं उत्तर द्यायला एक दुसरा स्वीडिश पुरेसा आहे. साल्मिंगने एनएचएलमधला आपला शेवटचा सीझन, १९८९-९०, डेट्रॉइटकडून खेळला. १९९१ मध्ये त्याच डेट्रॉइटमध्ये निकलास लिडस्ट्रोम आला. तोही बचावपटूच. २०१२ पर्यंत एकाच क्लबकडून १५६४ सामने. सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी सात वेळा. स्टॅन्ली कप चार वेळा, त्यातला २००८ चा कर्णधार म्हणून. आणि पेनल्टी मिनिटं? ५१४. भागाकार करा. साल्मिंगची दर सामन्याला सव्वा मिनिटाच्या आसपास, लिडस्ट्रोमची एक तृतीयांश मिनिट. साडेतीन पट फरक! लिडस्ट्रोम मारामारी न करता मोठा झाला, कारण तोपर्यंत 'स्वीडिश म्हणजे भित्रा' हे वाक्य बोलायची कोणाची छाती उरली नव्हती. ती परीक्षा त्याला द्यावीच लागली नाही. आणि ती न दिल्याने त्याचा खेळ काही कच्चा राहिला नाही. म्हणजे परीक्षाच सिलॅबसबाहेरची होती!

मग साल्मिंगचं कौतुक करायचंच नाही का? करायचं, भरपूर करायचं, पण योग्य गोष्टीचं.

त्याने मेपल लीफ्सकडून सोळा सीझन खेळून ६२० असिस्ट केले. क्लबचा हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. शंभर वर्षांहून जुन्या क्लबमध्ये सर्वात जास्त पास सत्कारणी लावणारा माणूस एक बचावपटू आहे, यातच तो काय खेळायचा ते आलं. १९७६-७७ च्या एका सीझनमध्ये १२ गोल आणि ६६ असिस्ट. १९७५ ते १९८० अशी सलग सहा वर्षं तो लीगच्या पहिल्या किंवा दुसऱ्या ऑल-स्टार संघात होता. समोरून येणाऱ्या पकसमोर स्वतः आडवा पडून तो शॉट अडवायचा. वर सांगितलेला वेग आठवा आणि मग कल्पना करा. हे धाडस आहे, पण ते संघासाठी केलेलं, खेळाच्या आतलं धाडस आहे. कोणाच्या तरी काठीचा फटका मुकाट्याने खाण्याशी त्याचा काही संबंध नाही. १९८८ मध्ये तो एनएचएलमध्ये हजार सामने पूर्ण करणारा युरोपात घडलेला पहिला खेळाडू ठरला. १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये स्वीडनकडून खेळला तेव्हा चाळिशीत होता. १९९६ मध्ये टोरांटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली, तिथे पोचलेला तो पहिला स्वीडिश खेळाडू.

स्टॅन्ली कप मात्र कधीच मिळाला नाही. मेपल लीफ्सनी तो शेवटचा १९६७ मध्ये जिंकला, त्यानंतर आजतागायत नाही. १९७८ मध्ये संधी दिसत होती, पण प्लेऑफमध्ये साल्मिंगच्या डोळ्याला काठी लागली आणि तो बाहेर बसला. पुढे बॅलार्डच्या कारभारात चांगले खेळाडू एकेक करून गेले. लॅनी मॅकडोनाल्ड १९७९ मध्ये गेला, कर्णधार डॅरिल सिट्लर १९८२ मध्ये गेला. साल्मिंग राहिला. घसरत चाललेल्या संघात, वर्षामागून वर्ष, बक्षिसाची आशा नसताना चोख काम करत राहणं हे मला त्या टाक्यांपेक्षा कितीतरी अवघड वाटतं. टाक्यांचं म्हणाल तर १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये गोलजवळच्या झटापटीत तो खाली पडला आणि दुसऱ्या खेळाडूचा स्केट त्याच्या चेहऱ्यावर आला. तो अपघात होता. त्या अपघातात साल्मिंगची काय कर्तबगारी? आणि टाके घातले ते डॉक्टरने! पण आपल्याला फोटो आवडतो ना. असिस्टचा फोटो येत नाही.

शेवटची गोष्ट २०२२ ची. त्या वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर झालं की साल्मिंगला एएलएस झालाय. स्टीफन हॉकिंग यांना होता तो मज्जातंतूंचा आजार. शरीराचे स्नायू एकेक करून ऐकेनासे होतात. नोव्हेंबरमध्ये हॉल ऑफ फेमच्या कार्यक्रमांसाठी तो टोरांटोला आला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं, हात वर करता येत नव्हता. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि प्रतिसाद म्हणून त्याचा हात शेजारी उभ्या सिट्लरने धरून वर उचलला. सिट्लरच्या डोळ्यांत पाणी होतं. मॅट्स सुंडिनही तिथे होता. सुंडिन म्हणजे १९८९ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला पहिला युरोपियन आणि पुढे अकरा वर्षं मेपल लीफ्सचा कर्णधार. १२ नोव्हेंबरच्या सामन्यात टोरांटोच्या प्रशिक्षकाने सुरुवातीला बर्फावर उतरवलेले सहाच्या सहा खेळाडू, गोलकीपरसकट, स्वीडिश होते. एकेकाळी ज्या लीगमध्ये दोन स्वीडिश एका संघात म्हणजे चेष्टेचा विषय होता, तिथे अख्खी सुरुवातीची फळी स्वीडिश! बारा दिवसांनी साल्मिंग गेला. वय ७१.

त्या संध्याकाळी कोणी त्याला कणखरपणा सिद्ध करायला सांगितलं नाही. त्याच्या अंगात कणखरपणा दाखवण्याइतकी ताकदच नव्हती. तरी सगळे उभे होते. हा मान त्याला १९७३ मध्येच, येव्लेहून सामान घेऊन उतरल्या दिवशी, थोडासा तरी मिळायला काय हरकत होती? निदान माणूस म्हणून? खेळ तर तेव्हाही तोच होता.

पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत आपल्याकडे नवी बॅच येईल. कोणी गडचिरोलीहून, कोणी जळगावहून, कोणी डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला, कोणी घराण्यातला इंजिनिअरिंगला आलेला पहिलाच. कोणाची भाषा वेगळी असेल, कोणाचे कपडे. कोणी पहिल्या दिवशी वर्गात काहीतरी बोलेल आणि मागच्या बाकावरून हशा उठेल. त्यांच्यातले बहुतेक जण टिकतील, हे मला माहीत आहे. चार वर्षांनी स्टेजवर उभे राहून "सुरुवातीला खूप त्रास झाला, पण त्यानेच मी घडलो" असं भाषणही करतील आणि आपण टाळ्या वाजवू. त्या टाळ्या वाजवण्याआधी दोन सेकंद थांबा आणि जो स्टेजवर नाही, अर्ध्यातून घरी गेला, त्याला आठवा. आणि स्टेजवरच्या पोराला त्याने किती सोसलं हे विचारू नका. त्याने किती जणांना पास दिले, ते विचारा.